एका ओळीत तीनशे नावं

आमच्या घरी माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही. नाकावर राग, तो लहानपणापासूनचा. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, बरं बाई, दोन वर्षं काय करायचं ते कर, पण ताटावर बस. मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नोकरी धरली. नोकरी कुठं, तर वधू-वर सूचक केंद्रात! माझी बहीण हसून हसून लोळली. मी तिच्याशीही आठवडाभर बोलले नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवर एक टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, त्याच्या मालकांनी जोडीला हे केंद्र काढलं होतं. त्यांना सगळे सर म्हणत. आधी नुसती रजिस्टरं होती. मग सरांनी कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासाठी काचेची खोली केली आणि बाहेर पाटी लावली, ‘येथे कॉम्प्युटरद्वारे स्थळे सुचविली जातात’. लोक चपला बाहेर काढून आत येत. एका आजोबांनी तर मशीनला नमस्कार केला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मराठी मजकूरही इंग्रजी अक्षरांतच लिहायचा. प्रत्येक मुलीची एक फाइल, प्रत्येक मुलाची एक. मुलीच्या फाइलचं नाव म्हणजे एम आणि तिचा नोंदणी नंबर, मुलाचं म्हणजे व्ही आणि त्याचा नंबर. सगळ्या मिळून तीनशेच्या वर होत्या.

या फायली काकूंच्या ताब्यात होत्या. काकू पन्नाशीच्या, सरांकडे सर्वांत जुन्या. त्याआधी कोर्टाबाहेर झाडाखाली बसून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज टाइप केले होते. तिथली त्यांची एक सवय होती. प्रत्येक कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरं टाकायची. कागद कुणाला द्यायचा, कुणाला द्यायचा नाही, पक्षकार परत येणार आहे का, हे त्या अक्षरांवरून त्यांना कळायचं, दुसऱ्या कुणाला नाही. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसानं त्यांना सांगितलं की फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं, मग एक टिंब, आणि टिंबानंतर तीन अक्षरं तुमची. काकूंना वाटलं, हाच तो डावा कोपरा. त्यांनी तिथं आपल्या खुणा टाकायला सुरुवात केली. डी-वाय-ए म्हणजे द्या, हा कागद स्थळांना पाठवायला हरकत नाही. जे-एम-एल म्हणजे जमलं. टी-एच-बी म्हणजे थांबा.

मला ते पाहून कसंतरीच व्हायचं. आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं की टिंबानंतरची अक्षरं फाइलची जात सांगतात, मजकूर असेल तर टी-एक्स-टी, प्रोग्रॅम असेल तर आणखी काही. मी काकूंना म्हणाले, “काकू, तो काय भाजीच्या पिशवीचा खिसा आहे का, काहीही कोंबायला?”

“तुह्या पुस्तकात काय लिहिलं ते तू वाच,” काकू म्हणाल्या. “मले माह्यं समजते. तीन अक्षरं पाह्यली का काम झालं.”

एखाद्या फाइलची खूण बदलायची तर काकू त्या फाइलची नव्या नावानं नक्कल करायच्या आणि जुनी पुसायच्या. मी त्यांना रेन, म्हणजे नाव बदलायची आज्ञा, शिकवलं. रेन लिहायचं, जुनं नाव लिहायचं, नवं नाव लिहायचं, बस. काकूंनी एकदा करून पाहिलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. “बापा! एवढंसंच? आणि मी बह्याड दोन महिन्यांपासून नकला करून राहिली!” त्यांनी ते एका खरड्यावर लिहून पडद्याच्या बाजूला चिकटवलं. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल थोडं प्रेम वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

दिवाळीच्या दीड महिना आधी एक मुलगी आली. एकटीच. आमच्याकडे मुली एकट्या येत नसत, आई-वडील नाही तर मामा-मावशी सोबत असायचे, म्हणून आम्ही दोघींनी मान वर केली. सावनेरची होती, वडील तिकडच्या खाणीच्या ऑफिसात कारकून. ती नागपुरात होस्टेलला राहून बी.एड. करत होती. वडिलांनी आठवड्यापूर्वीच येऊन तिचं नाव नोंदवलं होतं, नंबर एकशे अठरा.

ती काकूंच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि एका दमात बोलली. “काकू, माझा कागद एप्रिलपर्यंत कोणाले देऊ नका. एप्रिलात माझी परीक्षा आहे. ती झाली की मीच येते तुम्हाले सांगायला, मग खुशाल पाठवा.”

“घरी सांग नं वं तसं,” काकू म्हणाल्या.

“सांगितलं. बाबा वाईट नाहीत काकू. हो म्हणाले ते. पण मी त्यांना ओळखते. चांगलं स्थळ दारात आलं की त्यांच्या तोंडून नाही निघत नाही. माझ्या ताईचं असंच झालं. स्थळ समोर येऊच देऊ नका, एवढंच करा.”

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं आता तिला पाठवणार परत. ज्या बापानं विश्वासानं नाव नोंदवलं त्याच्या पाठीमागे असं करणं केंद्राच्या नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मी शिकवलेलं रेन लिहिलं, एकशे अठराच्या पुढचं डी-वाय-ए काढून टी-एच-बी केलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. “पाह्य. झालं. आता एप्रिलपर्यंत तुह्या कागदाले कोणी हात लावणार नाही. जाऊन अभ्यास कर.”

मुलीनं वाकून त्यांना नमस्कार केला. माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. मी हे सगळं हातभर अंतरावरून पाहिलं होतं आणि शब्द न् शब्द ऐकला होता. पुढे मी स्वतःला बरंच काही समजावून पाहिलं, पण हे कुठंच लपत नाही. मला माहीत होतं.

ती गेल्यावर मी काकूंना विचारलं, असे थांबाचे कागद किती आहेत. त्या म्हणाल्या, तीसेक असतील. कोणाच्या घरी नुकतं सुतक, कोणाचं बोलणं एका ठिकाणी अर्धवट, कोणाचं असंच. “वहीत लिहून ठेवता का?” मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मी हो असा घेतला.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. त्या वर्षी सरांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना एक नवा प्रोग्रॅम करून दिला. तो प्रोग्रॅम फायली वाचायचा, वय, उंची, शिक्षण जुळवायचा आणि कोणत्या मुलीचा कागद कोणत्या घरी पाठवायचा ते पत्त्यासकट छापून काढायचा. आजवर हे काम काकू हातानं करत, त्याला आठ दिवस लागत. सर हरखून गेले. अट एकच होती, प्रोग्रॅमला फक्त टी-एक्स-टी नावाच्याच फायली दिसायच्या.

म्हणजे सगळ्या नावांची शेपटं बदलायला हवी होती. काकूंनी लगेच सुरुवात केली. एक-एक फाइल उघडायची, वाचायची, मग रेन. दिवसाला वीस-पंचवीस व्हायच्या. मला पाहवेना.

“काकू, अहो, असं एक-एक कशाला? एका ओळीत सगळ्या होतात.”

“मले सगळ्या नाही करायच्या. फक्त द्याच्या करायच्या. आणि द्याच्या तरी अजून द्याच्याच आहेत का ते पाहून राहिली मी. तू मधात पडू नको.”

त्याच आठवड्यात मी एक घोळ घातला होता. एका मुलीची उंची चार फूट अकरा, मी पाच फूट अकरा छापली. काकूंनी तो कागद सरांसमोर, दोन पालकांसमोर धरला आणि म्हणाल्या, “पोट्टीले केवढी उंच केली पाह्यलं का सर हिनं? नवरदेव हार घालायले शिडी घेऊन येईन का?” सगळे खो-खो हसले. माझी चूक होती, काकू मजेनं बोलल्या होत्या, पण माझं डोकं भणभणलं. कोर्समध्ये पहिली आलेली मी, आणि ही कोर्टाबाहेरची टायपिस्ट मला हसते!

काकू पाच दिवस रजेवर गेल्या. कुहीकडे त्यांचं माहेर, भावाकडे धान कापणीला आलं होतं आणि भावजय आजारी. जाताना त्यांनी मला बजावलं, “अर्धं काम झालं आहे. बाकीच्याले हात लावू नको. मी आली का करते.” सर दाराशी उभे होते. ते म्हणाले, यादी शनिवारी पोस्टात पडली पाहिजे, सीझन थोडीच थांबून राहतो. काकू म्हणाल्या, आठ दिवसांनी काही बिघडत नाही सर. आणि बस पकडायची म्हणून निघून गेल्या.

शुक्रवारी दुपारी सर माझ्या खोलीत आले. “काय गं, तू तर म्हणत होती एका ओळीत होते म्हणून?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “हो सर, आत्ता करून दाखवते,” मी म्हणाले.

मी लिहिलं, REN M*.* *.TXT. ती चांदणी, स्टार, म्हणजे काहीही. एमनं सुरू होणारी कोणतीही फाइल घे, तिच्या टिंबानंतर काहीही असो, तिथं टी-एक्स-टी कर. टिंबानंतरच्या त्या स्टारच्या जागी मी डी-वाय-ए लिहिलं असतं, तर फक्त द्याच्या फायली बदलल्या असत्या आणि थांबाच्या जिथल्या तिथं राहिल्या असत्या. तेही एका ओळीतच झालं असतं. मला ते येत होतं. बोट त्या किल्लीवर असताना ते मनात येऊनही गेलं. पण मला काकूंची ती शेपटं नकोच होती. एकसुद्धा नको होतं. सोमवारी-मंगळवारी त्या येतील आणि पडदा एकसारखा, स्वच्छ पाहतील, मग कळेल त्यांना, असं मी ठरवलं होतं. अडलंच तर त्यांच्या वहीतून लावू परत खुणा.

मी एंटर दाबलं. पडद्यावर काहीही आलं नाही. ना विचारलं, खात्री आहे का, ना सांगितलं, किती बदलल्या. मशीन थोडं घुरघुरलं आणि सी अक्षराच्या पुढे रेघ लुकलुकायला लागली. मग व्हीच्या फायलींनाही तेच केलं. सरांना यादी काढून दाखवली, टी-एक्स-टी, टी-एक्स-टी, टी-एक्स-टी, खालपर्यंत. सरांनी चुटकी वाजवली. “एकदम बढिया! आणि काकू तिकडं महिना लावून राहिल्या होत्या.” ते ऐकून मला जे सुख झालं, ते आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात.

संध्याकाळपर्यंत प्रिंटर करकरत होता. शनिवारी सकाळी मी स्वतः पाकिटं पोस्टात टाकली. निघण्याआधी छापील यादीत एकशे अठरा मी पाहिला का? पाहिला. अकरा घरी जाणार होता. तेव्हा माझा हात थोडा थांबला. पण तोवर पाकिटं बंद झाली होती, शिक्के बसले होते, सर शाबासकी देऊन बसले होते. ते अकरा लिफाफे शोधून फोडायचे तर सरांना सांगावं लागलं असतं की चुकलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, पोस्टानं गेलेले सगळे कागद कोण वाचतं.

बुधवारी काकू आल्या, हातावर विळ्याचा ओरखडा, पिशवीत सगळ्यांसाठी भावाकडचे तांदूळ. खुर्चीवर बसून त्यांनी फायलींची यादी लावली. पडदा सरकत गेला. त्यांनी ती पुन्हा लावली.

“हे काय केलं वं?”

“एकसारखं केलं. प्रोग्रॅमला तसंच लागतं.”

“माह्ये थांबा कुठं गेले?”

“तुमच्या वहीतून लावू की परत. तासाभराचं काम आहे.”

“कोणती वही?” काकू माझ्याकडे वळल्या. “अवं, कोणाच्या पोरीनं बापाच्या मागं येऊन सांगितलेली गोष्ट मी वहीत लिहीन? उद्या ती वही कोणाच्या हाती पडन! म्हणून तर तिथं लिहिलं होतं. तिथं कोणाले समजत नाही म्हणून.”

मी बॅकअपची फ्लॉपी काढली. बॅकअप घेणं माझं काम होतं आणि तीन महिन्यांत मी ते केलं नव्हतं. फ्लॉपीवर एकशे अठरा नव्हतीच, तिची नोंद त्यानंतरची. काकूंनी विचारलं, यादी गेली का. मी म्हणाले, शनिवारी गेली. त्यांनी पिशवी तशीच खाली ठेवली आणि पोस्टकार्डं मागवली. दिवसभर बसून त्यांनी जेवढे थांबाचे नंबर आठवले तेवढ्यांसाठी घरोघर कार्डं लिहिली, कागद चुकून पाठवला, कृपया विचार करू नये. एकशे अठराची अकरा कार्डं सर्वांत आधी लिहिली. मुलीला कळवायचं तर होस्टेलचा पत्ता आमच्याकडे नव्हता, फॉर्मवर फक्त वडिलांचा होता. मला एकदा वाटलं, त्या मला झाडतील, चार शिव्या देतील. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” तेही हळू आवाजात, स्वतःशीच. सरांना त्या काही बोलल्या नाहीत.

कार्डं उशिरा गेली. कळमेश्वरच्या एका घरी सोमवारीच लिफाफा पोचला होता. मुलगा तिथल्या कारखान्यात सुपरवायझर, घरचं शेत, एकुलता एक. त्या लोकांनी कागद वाचला आणि मंगळवारी थेट सावनेरला जाऊन मुलीच्या वडिलांच्या दारात उभे राहिले. मुलीनं सांगितलं होतं अगदी तसंच झालं. वडिलांच्या तोंडून नाही निघालं नाही.

पंधरा दिवसांनी ते वडील पेढे घेऊन आले. साधा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. “असं स्थळ मला शोधूनही सापडलं नसतं सर. तुमच्या कॉम्प्युटरनं कमाल केली.” सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे केलं. “कॉम्प्युटर काय करते साहेब, हिची करामत आहे. एका ओळीत तीनशे फायली!” वडिलांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. काकू काचेपलीकडे टाइप करत होत्या. मी तो पेढा खाल्ला. सगळा खाल्ला, कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि म्हणाले, अभिनंदन काका. कधी आहे लग्न? ते म्हणाले, माघात, मुहूर्त चांगला आहे. परीक्षेचं विचारायचं धाडस मला झालं नाही, तेच म्हणाले, “पोरगी थोडी रडून राहिली परीक्षा परीक्षा म्हणून. पण ते लोक म्हणतात पुढल्या वर्षी देईल. पुढल्या वर्षी काय, आपलं घर आहे.”

आणि दोन दिवसांनी ती आली. या वेळीही एकटीच. हातात पुस्तकं होती, ती तिनं काकूंच्या टेबलावर ठेवली, कदाचित हात भरून आले म्हणून. आवाज चढवला नाही. “काकू, तुम्ही म्हणाल्या होत्या.”

काकू उठून उभ्या राहिल्या. आपल्याहून तीस वर्षांनी लहान मुलीसमोर त्यांनी हात जोडले. “चुकलं वं माय माह्यं. चुकलं.”

मी माझ्या खुर्चीवर होते, पूर्वीसारखीच, हातभर अंतरावर. पुढ्यात कोणाचा तरी फॉर्म होता. मी त्यातली जन्मतारीख टाइप केली, पुसली, पुन्हा टाइप केली. काकू माझ्याकडे एकदाही पाहत नव्हत्या. त्यांनी पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. खोटं आहे ते. मला बोलायचं नव्हतं. सर बाहेर होते, माझी नोकरी होती, घरी मिळालेली दोन वर्षं होती. या मुलीला मागून सहा महिने मिळाले होते, ते मी घेतले होते, आणि माझी दोन वर्षं मी अशी मूठ वळून धरून बसले होते. शरम वाटली म्हणणं सोपं आहे. शरम वाटत होती आणि तरीही मी जन्मतारीख टाइप करत होते.

काकूंचे हात तिनं खाली केले, पुस्तकं उचलली आणि गेली.

तिच्या वडिलांनी लग्नाला सगळ्या ऑफिसला बोलावलं. सरांनी आम्हा दोघींना पाठवलं, केंद्रातर्फे साडी घेऊन. मी टाळायला पाहत होते, पण काकूंनी सकाळी माझ्या घरी येऊन हाक मारली. सावनेरच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. निम्म्या वाटेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. मग मला राहवलं नाही. “काकू, तुम्ही तिला माझं नाव का नाही सांगितलं?”

“काहून सांगू? शब्द मी देल्ला होता. तू थोडीच देल्ला होता.” त्यांनी पदरानं घाम पुसला. “तुहं नाव सांगून तिले परीक्षा भेटली असती का?”

“पण चूक माझी होती.”

“ते तुह्यं तू पाह्य,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्या झोपल्या नव्हत्या. मांडीवरची साडीची पिशवी घट्ट धरून होत्या.

मांडव शाळेच्या मैदानात होता. त्या वेळी मला वाटलं, ही तरी काय चेष्टा. नवरी एका वर्गात बसली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर हिरवा चुडा. बायका तांदूळ आणि मामाला शोधायला बाहेर पळाल्या तेव्हा खोलीत ती, एक म्हातारी आणि मी उरलो. म्हातारीला ऐकू येत नव्हतं. मी साडी पुढे केली आणि म्हणाले, “एक सांगायचं होतं. काकूंची काहीच चूक नव्हती. तुमचा कागद मी पाठवला.”

तिनं मान वर केली. “तुम्ही?”

मी सांगायला लागले. टिंब, टिंबानंतरची तीन अक्षरं, ती चांदणी, काकू रजेवर होत्या, प्रोग्रॅमला टी-एक्स-टी लागत होतं. माझं मलाच ऐकू येत होतं की मी मशीनचं सांगते आहे, माझं नाही. तरी बोलत राहिले. राग आला होता हो मला, हेही सांगितलं, शिडीची गोष्टसुद्धा सांगितली. म्हणाले, मला माहीत होतं तुमचं, मी ऐकलं होतं, तरी केलं. मला माफ करा म्हणाले. मला रडू येत होतं आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बरंही वाटत होतं, की बघ, बोलले मी, अखेर बोलले.

हळदीनं पिवळा झालेला तिचा चेहरा, त्यावर काही हललं नाही. मला वाटलं आता ही ओरडेल, नाही तर म्हणेल जाऊ द्या, झालं ते झालं. दोन्हींची माझी तयारी होती.

“त्या दिवशी मी आली होती,” ती म्हणाली, “तेव्हा काकूंनी माझ्यासमोर हात जोडले होते.”

“हो.”

“माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत त्या. तेव्हा तर तुम्ही तिथंच बसल्या होत्या नं?”

बाहेरून कोणीतरी घाईघाईनं हाक मारली, मामा आले, नवरीला आणा. दोघी-तिघी बायका आत घुसल्या आणि तिला दंडाला धरून उठवलं. ती पदर सावरत निघाली, पण मान माझ्याकडे वळवून, उत्तराची वाट पाहत.

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हणालेही. पण तोवर अक्षता वाटायला आलेल्या बायांनी दार भरलं होतं, आणि माझ्यापुढे कोणीतरी तांदळाची मूठ धरली, घ्या, घ्या, लवकर घ्या.